पोच कोणाची?

पार्सल पोचले, असे संगणक सांगतो आणि पार्सल आलेलेच नाही, असे घरातली माणसे सांगतात. हा प्रसंग आता इतका सर्रास झाला आहे, की तो ज्याच्या वाट्याला आला नाही असे घर सापडणे कठीण. मावशीने पाठवलेला फराळाचा डबा असो, आजोबांची औषधे असोत, रक्षाबंधनाची राखी असो किंवा मुलाची मूळ प्रमाणपत्रे असोत. पावतीवरचा तेरा अक्षर-अंकांचा क्रमांक टाकावा, तर पडद्यावर एकच ओळ येते : बटवडा झाला. तारीख आहे, वेळ आहे; नाही ती फक्त वस्तू.

अशा वेळी पहिला संशय पोस्टमनवर जातो. मग सोसायटीच्या रखवालदारावर, त्यानंतर शेजाऱ्यावर. उलट खिडकीपलीकडच्या कारकुनाला वाटते, की हे गृहस्थच वस्तू घेऊन नाही म्हणत आहेत. म्हणजे हरवते एक पार्सल, पण पणाला लागतो दोन माणसांचा खरेपणा. हा तंटा आजचा नाही. ‘पोचले’ हे कोणी म्हणायचे, देणाऱ्याने की घेणाऱ्याने, हा प्रश्न टपालाइतकाच जुना आहे आणि त्याला वेळोवेळी वेगवेगळी उत्तरे मिळत गेली आहेत. त्या उत्तरांचा हा इतिहास.

मराठीने या व्यवहारासाठी एक नेमका शब्द ठेवला आहे. तो म्हणजे ‘पोच’. पोच ही मिळाल्याची कबुली असते आणि ती नेहमी घेणारा देतो. देणाऱ्याने स्वतःच ‘पोचले’ म्हटले तर त्याला आपण पोच म्हणत नाही; ते नुसते सांगणे झाले.

ही समजूत जुनी आहे. मोडी कागद ज्यांनी चाळले आहेत त्यांना ‘पैवस्ती’ हा फारसी वळणाचा शब्द ओळखीचा असेल. मराठेशाहीत पत्र हाती आले, की ते कोणत्या दिवशी आले याची नोंद त्या पत्रावरच केली जाई. पैवस्ती, छ अमुक. ‘छ’ म्हणजे चंद्र; त्या काळच्या मुसलमानी महिन्यातली तारीख. पत्र लिहिल्याचा दिवस एक आणि पैवस्तीचा दिवस दुसरा. या दोहोंमधले अंतर पाहिले, की जासुदाला वाटेत किती दिवस लागले ते कळते. इतिहास संशोधक आजही त्यावरून हिशेब मांडतात. आपल्या मुद्द्याचा भाग एवढाच, की पैवस्तीची नोंद जासूद करत नसे. ती पत्र घेणाऱ्याच्या दफ्तरात होई. शिवाय उत्तर लिहिताना आपले पत्र पावले, मजकूर कळला, असे आरंभीच लिहिण्याचा रिवाज होता. म्हणजे पोच दोनदा मिळे, एकदा कागदाच्या माथ्यावर आणि एकदा उत्तरात. पोच थांबली तर काय होते, हे पानिपताने दाखवले. १७६० च्या अखेरीस छावणीची वाट अडली, पत्रांची ये-जा तुटली आणि आपल्या फौजेचे काय झाले हे नानासाहेब पेशव्यांना वेळेवर कळू शकले नाही.

इंग्रजी अमलात टपाल सर्वांचे झाले. १८५४ साली टपालाचा नवा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १८५४ पासून देशभर एकच दर लागू झाला. पाव तोळा वजनाचे पत्र अर्ध्या आण्यात हिंदुस्थानात कुठेही जाऊ लागले. त्याआधी अंतर जितके लांब तितका दर जास्त असे. त्या काळात पार्सलांसाठी निराळी डाक होती, तिला ‘बंगी’ म्हणत. बंगी म्हणजे कावड. खांद्यावर आडवा बांबू, त्याच्या दोन टोकांना दोन पेट्या आणि खाली धावणारा माणूस. रेल्वेने ही कावड खांद्यावरून उतरवली, पण सामान्य माणसाची चिंता उतरली नाही. आपण ज्याच्या हातात गाठोडे दिले तो आपल्या गावचा नाही, ओळखीचा नाही. मग पलीकडे पोचले हे कळायचे कसे?

टपाल खात्याने या प्रश्नाला तीन चांगली उत्तरे दिली, आणि तिन्हींमध्ये शेवटचा शब्द घेणाऱ्याचा होता. पहिले उत्तर रजिस्टर टपालाचे. रजिस्टर केलेली वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाताना प्रत्येक टप्प्यावर नोंद आणि सही होई. शेवटची सही घरच्या माणसाची. त्यामुळे वस्तू हरवली तरी साखळी कोणत्या कडीला तुटली ते सापडत असे. सोबत पोचपावतीचे कार्ड जोडले तर ती सही पाठवणाऱ्याच्या हाती परत येई.

दुसरे उत्तर व्ही.पी.चे. ही सोय १८७७ साली सुरू झाली. मराठी ग्रंथव्यवहाराला तिचा फार आधार होता. ‘व्ही.पी.ने पाठवू’ ही ओळ जुन्या मासिकांच्या जाहिरातींत जागोजागी दिसते. इथे घेणारा पैसे मोजूनच वस्तू घेई, तेव्हा त्याने दिलेली रक्कम हीच पोच ठरे.

तिसरे उत्तर १८८० साली आलेल्या मनीऑर्डरीचे. गिरणगावातला मुलगा कोकणात आईला पैसे पाठवी. पोस्टमन अंगणात बसून नोटा मोजून देई आणि फॉर्मवर आईची सही किंवा अंगठा घेई. काही दिवसांनी तो अंगठा मुंबईच्या खोलीत परत येई. अनेक घरांत ही पोच जपून ठेवलेली असे, कारण तिच्यावर पैशाच्या हिशेबापेक्षा अधिक काहीतरी असे. आई बरी आहे, घरी आहे, तिने पैसे हातात घेतले, हे त्या काळ्या ठशावरून कळे.

पण याच काळात कायद्याने दुसरी वाटही आखून ठेवली. १८९८ च्या टपाल कायद्याने बटवडा म्हणजे काय ते ठरवले. वस्तू पत्ता असलेल्या माणसाच्या हातात दिली तर तो बटवडा. त्याच्या घरी किंवा कचेरीत दिली तरी बटवडा. त्याचा नोकर, मुखत्यार किंवा नेहमीच्या रिवाजाप्रमाणे टपाल घेणारा कोणी, यांच्यापैकी कुणाच्याही हाती दिली तरी ती त्यालाच मिळाली असे मानायचे. वाड्यांच्या पुण्यात हे रास्त होते. वाड्यात कोण राहतो, टपाल कोणाकडे ठेवायचे हे पोस्टमनला पाठ असे. याच कायद्याने दुसरी गोष्ट सांगितली. वस्तू हरवली, चुकीच्या जागी गेली, उशिरा पोचली किंवा मोडली, तरी सरकारने स्पष्ट शब्दांत पत्करलेली जबाबदारी सोडून भरपाईची जबाबदारी सरकारवर नाही. कर्मचाऱ्याने लबाडी केली असेल किंवा मुद्दाम नुकसान केले असेल, तरच तो जबाबदार. हा कायदा सव्वाशे वर्षे टिकला. १८ जून २०२४ पासून त्याच्या जागी २०२३ चा नवा टपाल कायदा आला. पण जबाबदारीबाबतचा मूळ विचार त्यातही जवळपास तसाच आहे.

मग ‘मला मिळालेच नाही’ म्हणणाऱ्याने जायचे कुठे? हा प्रश्न न्यायालयांपुढे अनेकदा आला. तो पार्सलांपेक्षा नोटिसांच्या निमित्ताने अधिक आला, कारण नोटीस मिळाली की नाही यावर घर, जमीन, नोकरी अवलंबून असते. १८७२ च्या पुरावा कायद्याने सांगितले होते, की नेहमीचे कामकाज नेहमीच्या पद्धतीने झाले असे न्यायालयाला गृहीत धरता येईल. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्यखंड कायद्याने पुढचे पाऊल टाकले. पत्ता बरोबर, तिकीट लावलेले आणि पत्र रजिस्टरने पाठवलेले असेल, तर ते पोचले असे मानावे. मात्र या वाक्याला एक शेपूट आहे आणि सगळा जीव त्या शेपटात आहे : उलट सिद्ध झाले नाही तर.

१९१८ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हरिहर बॅनर्जी यांच्या खटल्यात हे गृहीतक आणखी पक्के केले. पोचपावतीवर पत्त्यावरच्या माणसाऐवजी त्याच्या वतीने दुसऱ्याच कुणाची सही असली, तरी तेवढ्याने गृहीतक ढळत नाही, उलट बळकट होते, असे तिथे ठरले. १९६८ च्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’मध्ये छापलेला मुंबई उच्च न्यायालयाचा मेघजी कांजी पटेल खटल्याचा निकाल मात्र दुसऱ्या बाजूला झुकला. लखोट्यावर पोस्टमनचा शेरा होता : घेण्यास नकार. प्रतिवादीने शपथेवर सांगितले, की माझ्यापुढे लखोटा आलाच नाही. न्यायालयाने म्हटले, की आता नुसता शेरा पुरणार नाही. पोस्टमनला साक्षीला आणायला हवे होते. पुढे १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने पुवाडा वेंकटेश्वर राव यांच्या खटल्यात याला मुरड घातली. दर वेळी पोस्टमनला उभे करण्याची गरज नाही, नाकारणाऱ्याचे वागणे आणि इतर परिस्थितीही पाहावी, असे सांगितले. २००७ साली न वटलेल्या धनादेशांच्या नोटिसांबाबत सी. सी. अलवी हाजी यांच्या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने १८९७ चे ते गृहीतक पुन्हा उचलून धरले. पण नोटीस खरोखरच मिळाली नसेल त्याच्यासाठी दारही उघडे ठेवले : न्यायालयाचे समन्स हाती आल्यापासून १५ दिवसांत त्याने रक्कम भरावी.

या सगळ्या निकालांचा सारांश आपल्या पार्सलाला लागू पडतो. ‘बटवडा झाला’ ही नोंद म्हणजे अंतिम सत्य नव्हे. ते गृहीतक आहे आणि गृहीतक खोडता येते. मात्र नुसते ‘नाही मिळाले’ म्हणून ते दर वेळी खोडले जाईलच असे नाही. त्यासाठी नोंदीच्या मागची सही, जागा आणि वेळ तपासावी लागते.

आता जागेकडे येतो, कारण पार्सले अनेकदा चोरीला जात नाहीत, ती चुकीच्या दारात जातात. मी विश्रांतवाडीत राहतो. आळंदीहून निघालेली ज्ञानोबांची पालखी पुण्यात शिरताना दर वर्षी इथूनच जाते. जुन्या पुण्यात पेठ आणि घरांक सांगितला की पुरत असे. विश्रांतवाडी, धानोरी, कळस, टिंगरेनगर या भागांत पत्ता सुरू होतो तो ‘सर्व्हे नंबर’पासून. हा नंबर मुळात पोस्टमनसाठी नव्हताच. तो शेतसाऱ्यासाठी होता. १८३५ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्याच इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमिनीची मोजणी आणि प्रतवारी सुरू केली, आणि त्या पद्धतीतून शेतांना नंबर मिळाले. शेतात ज्वारी होती तोवर एका नंबराचा एक मालक पुरेसा होता. त्याच शेतावर बंगले, चाळी आणि दहा-दहा सोसायट्या उभ्या राहिल्या, तरी नंबर तोच राहिला. त्यात सोसायट्यांची नावेही सारखी. एका साईकृपातले पार्सल दुसऱ्या साईकृपात उतरले, तर नेणाऱ्याच्या दृष्टीने काम झालेले असते. तो खोटे बोलत नसतो आणि आपणही खोटे बोलत नसतो.

पत्त्यांच्या या गोंधळावर सर्वांत मोठा तोडगा एका मराठी माणसाने काढला. श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातले संस्कृत पंडित आणि नाटककार. पोटापाण्याचे काम टपाल-तार खात्यात, वरिष्ठ पदावर. त्यांच्या योजनेप्रमाणे १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिनकोड सुरू झाला. देशाचे नऊ विभाग, त्यांतला एक लष्करासाठी. विश्रांतवाडीचा पिन ४११०१५ असा आहे. त्यातला ४ हा पश्चिमेकडचा विभाग दाखवतो, पहिले तीन आकडे मिळून पुणे आणि शेवटचे तीन बटवडा करणारे टपाल कार्यालय. मात्र पिनकोड वस्तू आपल्या टपाल कार्यालयापर्यंत आणून सोडतो. तिथून दारापर्यंतचे शेवटचे अंतर पोस्टमनच्या ओळखीवरच चालते. तो बदलीवर असला, त्याच्या जागी नवा माणूस आला की चूक होते. टपाल खात्याने २०२५ च्या मे महिन्यात ‘डिजीपिन’ आणला. त्यात सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा संकेत आहे. साईकृपांच्या गर्दीत त्याचा उपयोग होऊ शकतो, पण तो पत्त्यासोबत लिहिण्याची सवय आपल्यालाच लावून घ्यावी लागेल.

पत्त्याइतकीच आपली राहणीही बदलली. दोघेही कामावर, दार बंद, फाटकावर रखवालदार, त्याच्या टेबलाखाली पार्सलांची चळत. रखवालदाराने घेतले की नोंद होते : बटवडा झाला. १८९८ च्या कायद्यात ज्याला ‘नेहमीच्या रिवाजाप्रमाणे टपाल घेणारा’ म्हटले होते, तो वाड्यातला शेजारी आता फाटकावरचा, दर सहा महिन्यांनी बदलणारा अनोळखी माणूस झाला आहे. खासगी कुरिअरवाल्यांचे तर विचारूच नका. त्यांच्या पोऱ्याला दिवसभरात ठरावीक पार्सले संपवायची असतात. घेणाऱ्याच्या सहीच्या जागी त्याने आपल्या बोटाने फोनवर ओढलेली वेडीवाकडी रेघ असली, तरी संगणकाला ती सहीच वाटते. पैवस्तीची नोंद जासुदाने करावी, असा हा प्रकार. दोनशे वर्षांत पोच घेणाऱ्याच्या हातातून निघून नेणाऱ्याच्या हातात गेली, आणि आपले ते लक्षातही आले नाही.

ती परत आणण्याची एक खूण अलीकडे दिसते. २०२५ साली रजिस्टर टपाल ही स्वतंत्र सेवा न राहता १९८६ पासून चालत आलेल्या स्पीड पोस्टमध्ये मिळवली गेली. अनेकांना त्याची हळहळ वाटली. पण १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टला दोन जादा सोयी जोडता येतात, प्रत्येकीला ५ रुपये अधिक कर. एक नोंदणीची : वस्तू पत्त्यावरच्या माणसाला किंवा त्याने नेमलेल्यालाच द्यायची. दुसरी ओटीपीची : घेणाऱ्याच्या फोनवर आलेला आकडा त्याने सांगितल्याशिवाय बटवडा पुरा होत नाही. हा आकडा म्हणजे नव्या काळातला आईचा अंगठाच. म्हणून तो फोनवर कुणालाही सांगायचा नाही. वस्तू हातात आल्यावर, पाकीट पाहून, मगच सांगायचा.

आणि तरीही पार्सल आलेच नाही, तर? पहिल्यांदा भांडण करू नका, शोध करा. फाटकावरची नोंदवही, तळमजल्यावरचे दुकान, सारख्या नावाची सोसायटी. त्याच दिवशी बटवडा करणाऱ्या टपाल कार्यालयात जाऊन आपल्या भागातल्या पोस्टमनला भेटा. बहुतेकदा त्याला आठवते. नाही सापडले, तर लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. मूळ पावती पाठवणाऱ्याकडे असते, म्हणून त्यालाही तक्रार करायला सांगा. तक्रारीत ‘पार्सल मिळाले नाही’ एवढेच लिहू नका. बटवडा कोणत्या पत्त्यावर झाला, कोणाच्या हाती, सही कोणाची, तिची प्रत द्यावी, असे विचारा. टपाल खाते सरकारी असल्याने २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने १० रुपयांचा अर्ज करून ही प्रत मागता येते आणि ३० दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे. खासगी कुरिअरला हा कायदा लागत नाही. मात्र वस्तू इंटरनेटवरच्या दुकानातून मागवली असेल, तर दुकानालाच धरा : २०२० च्या नियमांप्रमाणे त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायला हवे. तिथेही दाद लागली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तू मौल्यवान असेल तर पाठवतानाच विमा उतरवावा, कारण नंतर मिळणारी भरपाई बहुधा वस्तूच्या किमतीच्या जवळपासही नसते.

सहीची प्रत हातात आली, की बहुतेक तंटे तिथेच मिटतात. कधी ती सही आपल्याच घरातल्या मुलाची निघते. कधी शेजारच्या आजोबांची, जे पार्सल ठेवून गावी गेलेले असतात. कधी ती कुणाचीच नसते, आणि मग उत्तर द्यायची पाळी खात्याची असते. तिन्ही वेळा एक गोष्ट घडते. ज्याने काही केले नाही, त्याच्यावरचा आळ उतरतो. उन्हातान्हात सायकल मारणाऱ्या पोस्टमनला सहीचे महत्त्व आपल्याइतकेच आहे, कारण त्याची नोकरी तिच्यावर टिकते. म्हणून दारात कोणी वस्तू घेऊन आला आणि सही मागू लागला, तर घाईत रेघ ओढू नका. नीट, वाचता येईल असे आपले नाव लिहा.